फुगलेलं पाकीट: पेरॉक्साइड वाइपच्या एका पेटंट अर्जाची हकिकत

पार्श्वभूमी

दोन भागीदारांची एक छोटी कंपनी. एक भागीदार रसायनतज्ज्ञ, दुसरे विक्रीचं पाहणारे. टेबलं, दारांच्या मुठी, तपासणीच्या खाटा पुसायची जंतुनाशक द्रावणं ते बरीच वर्षं बनवत होते. त्यापुढची पायरी म्हणून त्यांनी द्रावणात भिजवलेला तयार वाइप, म्हणजे पुसायचा कापडी तुकडा, काढला. त्याचं पेटंट हवं म्हणून ते आमच्याकडे, म्हणजे पेटंटचे अर्ज लिहून देणाऱ्यांकडे, आले. सोबत एकच कागद होता आणि त्यावर एकच वाक्य: ‘०.५ ते ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असलेला जंतुनाशक वाइप.’ हाच आमचा क्लेम, म्हणजे ज्यावर हक्क मागायचा ते वाक्य, असं त्यांचं म्हणणं.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रसायनाचा गाभा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे.)

पेरॉक्साइडच का, याचं उत्तर सोपं होतं. क्लोरीनचा वास नको, क्वाट म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम संयुगांचा चिकट थर नको. पेरॉक्साइड काम करून शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, मागे काही राहत नाही. पण हाच त्याचा अवगुणही आहे. जे इतक्या सहज तुटतं ते डब्यात बसूनही तुटतं. उष्णता, उजेड, अल्कधर्मी पीएच आणि लोह, तांबं, मँगनीज यांचे अगदी दशलक्षात एखाद्या भागाइतके अंशही त्याला पुरतात. त्यात वाइप म्हणजे द्रावण आणि तंतूंचा प्रचंड पृष्ठभाग यांची महिनोन्‌महिने चाललेली सोबत.

आधीच काय काय माहीत होतं

प्रायर आर्टचा, म्हणजे आधीच जाहीर असलेल्या ज्ञानाचा, शोध घेतला तेव्हा त्या एका वाक्यातलं काहीही उरलं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड थेनार यांनी १८१८ मध्ये शोधलं. ३ टक्क्यांची बाटली औषधांच्या दुकानात पिढ्यानपिढ्या आहे. कमी तीव्रतेचं पेरॉक्साइड एकटं असेल तर हळू काम करतं, पण थोडं आम्ल आणि योग्य सरफॅक्टंट (साबणासारखं द्रव्य) जोडले की वेग बराच वाढतो. हेही जुनं आहे आणि ‘अ‍ॅक्सिलरेटेड हायड्रोजन पेरॉक्साइड’ या नावाने बाजारात रुळलेलं आहे. स्थिरतेसाठी स्टॅनेट, फॉस्फेट, फॉस्फोनेट अशी द्रव्यं घालणं तर पेरॉक्साइड बनवणाऱ्या कारखान्यांची नेहमीची पद्धत. आणि पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला वाइप? त्याचेही प्रकाशित अर्ज एकाहून अधिक सापडले, टक्केवारीसकट.

पेटंट मिळण्यासाठी तीन गोष्टी लागतात: ती वस्तू नवी असावी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी नसावी आणि उद्योगात वापरता यावी. तिसरीबद्दल प्रश्नच नव्हता. पहिली या वाक्यासाठी संपली होती. दुसरीपर्यंत पोचायची गरजच पडली नाही.

विक्री पाहणाऱ्या भागीदारांनी लगेच विचारलं, “मग टक्केवारी बदलू. १.१ ते १.४ लिहू. तेवढं तर कोणी लिहिलेलं नाही ना?” हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. मोठ्या ज्ञात पट्ट्यातला छोटा पट्टा निवडून पेटंट मिळू शकतं, पण त्या छोट्या पट्ट्यात काहीतरी वेगळं घडलं पाहिजे. १.४ ला जे होतं ते १.५ लाही होत असेल, तर ते नुसतं घासाघीस करून गाठलेलं प्रमाण ठरतं. नेहमीच्या प्रयोगांनी योग्य प्रमाण शोधणं म्हणजे शोध नव्हे, हे अमेरिकी न्यायालयांनी १९५५ च्या ‘अ‍ॅलर’ प्रकरणापासून सांगितलेलं आहे. त्यांच्या पट्ट्यात काही वेगळं घडत नव्हतं. वही पाहिली, आलेख सरळ रेषेत चढत होता.

शोधात आणखी एक गोष्ट हाती लागली आणि ती त्यांना जास्त बोचली. आम्ल आणि सरफॅक्टंटच्या एका विशिष्ट जोडीवर दुसऱ्या कंपनीचं चालू पेटंट होतं, आणि यांचं द्रावण त्याच्या अगदी जवळ जात होतं. “आम्हाला पेटंट मिळालं की मग हा प्रश्न सुटेल ना?” नाही. पेटंट म्हणजे दुसऱ्याला थांबवायचा हक्क. स्वतः वस्तू बनवायचा परवाना नव्हे. स्वतःच्या पेटंटची वस्तू बनवतानाही दुसऱ्याच्या पेटंटवर पाय पडू शकतो. त्यांनी आम्ल बदललं, सरफॅक्टंट बदलला आणि जंतुनाशकतेच्या चाचण्या पुन्हा केल्या. दोन महिने गेले, पण हा निर्णय सगळ्या प्रकरणातला सर्वांत बिनचूक होता.

खरी अडचण कुठे होती

मी विचारलं, “या सगळ्या कामात तुम्हाला चकित करणारं काय घडलं? जे तुम्हीही आधी ओळखलं नसतं असं?”

रसायनतज्ज्ञ जरा ओशाळून म्हणाले, “आमची पाकिटं फुगायची.”

पहिल्या नमुन्यांचं कापड व्हिस्कोस आणि पॉलिएस्टरचं मिश्र नॉनवोव्हन (न विणलेलं कापड) होतं. पूर्ण पॉलिप्रॉपिलीन वापरलं तर पेरॉक्साइड टिकतं, पण ते कापड द्रव धरून ठेवत नाही. वाइप पुसायला घेतला की पहिल्या हातालाच सगळं पाणी सोडून मोकळा. व्हिस्कोस द्रव छान धरतो, पण त्यात सेल्युलोज (वनस्पतींच्या तंतूंचं मूळ द्रव्य) आलं आणि सेल्युलोजबरोबर धातूंचे अंश आले. ३ टक्के पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘१० व्हॉल्यूम’ असं लिहितात. म्हणजे एक लिटर द्रावणातून साधारण दहा लिटर ऑक्सिजन निघतो. १ टक्क्याचं २०० मिलिलिटर द्रावण भरलेलं पाकीट असेल आणि त्यातलं निम्मं पेरॉक्साइड तुटलं, तर आत सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास वायू होतो. पाकीट उशीसारखं फुगतं. ग्राहकाला ते खराब दिसतं आणि ते खरोखरच खराब झालेलं असतं. जंतू मारायचं बळच उडून गेलेलं.

यावर सगळे जण जे करतात तेच त्यांनीही केलं: द्रावणात चिलेटिंग द्रव्य, इथे एक फॉस्फोनेट, वाढवलं. (चिलेटेड झिंक किंवा चिलेटेड लोह हे शब्द शेतीत ऐकलेले असतील, धातूला पकडून ठेवणारं द्रव्य ते हेच.) एका मर्यादेपर्यंत फरक पडला, मग थांबला. मग एका तुकडीत कामगाराने क्रम चुकवला. चिलेटिंग द्रव्याचं पाणी आधी कोऱ्या कापडावर पडलं, कापड वाळलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पेरॉक्साइडचं द्रावण भरलं गेलं. ती तुकडी फुगली नाही. वापरलेलं द्रव्य मात्र नेहमीपेक्षा कमी होतं.

याचं कारण त्यांनी नंतर शोधलं. लोह आणि पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. ते पेरॉक्साइड संपवतात आणि सेंद्रिय चिलेटिंग द्रव्यालाही फोडतात. म्हणजे द्रावणात आलेलं द्रव्य धातूला पकडायच्या आधीच स्वतः मारलं जात होतं. आधी शांतपणे धातू बांधून घेतला आणि मग पेरॉक्साइड आणलं, की लढाई सुरूच होत नाही. मालमसाला तोच, क्रम वेगळा.

वहीत ही नोंद लाल शाईत होती, शेजारी ‘चूक’ असं लिहिलेलं. या प्रकरणातलं पेटंट मिळण्याजोगं काही असेल, तर ते त्या पानावर होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे काहीच न भरता ही पद्धत गुपित ठेवणं. पद्धतीच्या बाबतीत हा विचार कधीच हसण्यावारी नेऊ नये. तयार वाइप पाहून कापडावर आधी काय केलं हे ओळखणं अवघड असतं, आणि पेटंटची २० वर्षं संपली की सगळं खुलं होतं. गुपिताला अशी मुदत नसते. पण कापड त्यांना बाहेरच्या एका प्रक्रियादाराकडून वाळवून घ्यावं लागणार होतं. तिथून बातमी फुटणार हे जवळजवळ नक्की होतं. शिवाय उलट धोकाही होता. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तेच शोधून त्याचं पेटंट घेतलं, तर गुपित राखून बसलेल्याची पंचाईत होते.

दुसरा पर्याय: द्रावण आणि कापड या जोडीवर उत्पादनाचा क्लेम. तिसरा: पद्धतीचा क्लेम, म्हणजे आधी चिलेटिंग, मग वाळवणं, मग पेरॉक्साइड. चौथा: पेटंट सोडून द्यायचं आणि तो पैसा जंतुनाशकाच्या नोंदणीसाठी लागणाऱ्या चाचण्यांवर घालायचा. हा चौथा पर्याय ऐकायला नीरस, पण या धंद्यात बऱ्याचदा सर्वांत फायद्याचा असतो. नोंदणीची माहिती उभी करायला प्रतिस्पर्ध्यालाही तेवढाच वेळ लागतो आणि तो वेळ म्हणजेच तुमची आघाडी असते. मी तो सुचवला, दोघांनी नाकारला. आज मला वाटतं, तेव्हा मी आणखी जोर लावायला हवा होता.

दुसरा आणि तिसरा एकत्र घ्यायचं ठरलं.

त्याआधी एक जुनं प्रकरण निस्तरायचं होतं. पाच महिन्यांपूर्वी एका व्यापारी प्रदर्शनात त्यांनी पहिल्या वाइपचे नमुने वाटले होते आणि सोबत एक पत्रकही दिलं होतं. अमेरिकेत शोधकाने स्वतः केलेल्या जाहीर प्रकटनासाठी एक वर्षाची सवलत असते. युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. वाटलेला नमुना म्हणजे जाहीर झालेलं ज्ञान. युरोपियन पेटंट ऑफिसच्या ‘जी १/९२’ या निर्णयाप्रमाणे बाजारात आलेल्या वस्तूचं रासायनिक विश्लेषण करून जी घडण कळू शकते तीही प्रायर आर्टमध्ये मोडते, कोणाला ते विश्लेषण करायचं कारण असो वा नसो.

नशीब असं की वाटलेले नमुने जुन्या पद्धतीचे होते, फुगणारे. म्हणजे त्यांनी नव्या पद्धतीबद्दल काहीच उघड केलं नव्हतं. आता त्यांच्याच फुगलेल्या पाकिटाशी तुलना करून नव्या वाइपचं महत्त्व दाखवायचं होतं. हा योगायोग नसता, तर युरोपचं दार पहिल्याच दिवशी बंद झालं असतं.

पहिला अर्ज आणि त्यामागचे प्रयोग

घाई करावी की थांबून प्रयोग वाढवावेत? विक्रीवाल्या भागीदारांना पुढच्या महिन्यात माल बाजारात हवा होता. आम्ही सहा आठवडे मागून घेतले.

त्या सहा आठवड्यांत एकच तक्ता नीट बांधला. चार प्रकारचे वाइप: काहीच चिलेटिंग द्रव्य नसलेला, तेवढंच द्रव्य द्रावणात घातलेला, तेवढंच द्रव्य आधी कापडावर दिलेला, आणि निम्मंच द्रव्य कापडावर दिलेला. बाकी सगळं सारखं. मग पाकिटं ५४ अंश सेल्सिअसला १४ दिवस ठेवली. जलद साठवण चाचणीत हे तापमान आणि ही मुदत सर्रास वापरतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात घटक तेच, प्रमाण तेच, फक्त क्रम वेगळा. दुसऱ्यात निम्म्याहून जास्त पेरॉक्साइड गेलं, तिसऱ्यात दहावा हिस्साही गेला नाही. पुढे तीन वर्षं आम्ही जी काही भांडणं लढलो ती सगळी या दोन ओळींच्या जोरावर.

दोन तांत्रिक अडथळे आले. पहिला मोजणीचा. त्यांची सवय परमँगनेट टायट्रेशनची, म्हणजे परमँगनेट थेंबथेंब घालून पेरॉक्साइड मोजायची. पण परमँगनेट सरफॅक्टंट आणि कापडातून सुटलेल्या सेंद्रिय अंशांशीही क्रिया करतं, त्यामुळे पेरॉक्साइड आहे त्याहून जास्त दिसू शकतं. परीक्षकाच्या नजरेतून निसटलं तरी विरोधकाच्या नजरेतून हे निसटणार नाही. म्हणून आयोडोमेट्रिक (आयोडीनवर आधारलेल्या) पद्धतीने मोजणी पुन्हा केली. आकडे थोडे खाली आले, फरक मात्र तसाच राहिला.

दुसरा अडथळा जंतुनाशकतेचा होता. आतापर्यंतच्या चाचण्या द्रावणाच्या होत्या, वाइपच्या नव्हत्या. कापड काही द्रव्यं शोषून धरतं. सेल्युलोज क्वाट धरून ठेवतं हे तर या धंद्यात सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे बाटलीतलं द्रावण आणि वाइपमधून पिळून निघालेलं द्रावण एक नसतं. त्यात पुसण्याच्या घर्षणानेच बरेच जंतू निघून जातात. मारले किती आणि नुसते उचलले किती, हे वेगळं दाखवावं लागतं. युरोपातली ईएन १६६१५ ही चाचणी यासाठीच आहे. एका ओळीत चार चौकोन, पहिल्यावर जंतू, वजनाखाली वाइप फिरवायचा आणि पुढच्या तीन चौकोनांत जंतू पसरले का तेही पाहायचं. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या वाइपशी तुलना करून हे आकडे घेतले आणि अर्जात घातले.

त्यांच्या मसुद्यात ‘शस्त्रक्रियेआधी रुग्णाची त्वचा पुसण्यासाठी’ असाही वापर लिहिला होता. तो काढायला लावला. युरोपात शरीरावरच्या उपचारपद्धतींना पेटंट नाही, भारतातही नाही. आणि त्वचेच्या चाचण्या तर केलेल्याच नव्हत्या. टेबल पुसणं हा उपचार नव्हे, तेवढ्यावरच राहिलेलं बरं.

बारा महिन्यांतली चूक

पहिला अर्ज भरला की बारा महिन्यांच्या आत बाकीच्या देशांसाठी, किंवा पीसीटी (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज) मार्गाने, पुढचा अर्ज भरता येतो आणि पहिल्या अर्जाची तारीख टिकते. पण ती फक्त पहिल्या अर्जात जे लिहिलं होतं त्याच्यासाठीच टिकते. नंतर भर घातलेल्या गोष्टींना नंतरचीच तारीख. हे कोणत्याही पुस्तकात असतं, आम्ही पहिल्या बैठकीत सांगितलंही होतं.

पहिल्या अर्जात कापड एकच होतं: व्हिस्कोसचं मिश्रण. आठव्या महिन्यात विक्रीवाल्या भागीदारांनी मोठ्या खरेदीदारांसाठी दोन पानांची तांत्रिक टीप काढली. ‘आमच्या कापडावर पेरॉक्साइडच्या आधी खास प्रक्रिया केली जाते’ इथे थांबले असते तर चाललं असतं. त्यांनी प्रक्रियाही लिहिली, फॉस्फोनेटच्या नावासकट. “अर्ज तर भरलाय, आता सांगायला काय हरकत आहे?” त्यांचा तर्क. आणि आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं की पुढचा अर्ज जाईपर्यंत तोंड बंद ठेवा. ही चूक त्यांची जितकी तितकीच आमची.

बाराव्या महिन्यात पीसीटी अर्ज जाताना रसायनतज्ज्ञांनी लाकडाच्या लगद्याच्या कापडावरचे नवे आकडे आणले. तेही उत्तम. क्लेम रुंद केला: ‘सेल्युलोज असलेलं कोणतंही कापड’. मग या क्लेमचे दोन तुकडे झाले. व्हिस्कोसचा भाग पहिल्या तारखेचा. युरोपच्या ‘जी १/१५’ या २०१६ च्या निर्णयामुळे रुंद शब्दाच्या पोटातल्या त्या भागाला स्वतःची जुनी तारीख मिळते. लगद्याचा भाग मात्र नंतरच्या तारखेचा, आणि त्याच्या चार महिने आधी यांचीच टीप जगजाहीर झालेली. व्हिस्कोसवर जे चालतं ते लगद्यावरही चालेल असं जाणकाराला वाटणार नाही का? वाटणारच. स्वतःच्याच कागदाने स्वतःचा रस्ता अडवला.

परीक्षकांचे आक्षेप

तीन कार्यालयांत अर्ज नेला: युरोप, भारत, अमेरिका.

युरोपच्या परीक्षकाने सर्वांत जवळचा आधार म्हणून फॉस्फोनेट द्रावणात असलेल्या पेरॉक्साइड वाइपचा जुना अर्ज घेतला. त्याला जोड दिली ती कागद उद्योगाच्या साहित्याची, आणि ती वाचून मला खरोखर कौतुक वाटलं. कागदाचा लगदा पेरॉक्साइडने पांढरा करण्याआधी ईडीटीए किंवा डीटीपीए या चिलेटिंग द्रव्यांनी धातू काढून टाकतात. त्या टप्प्याला ‘क्यू’ टप्पा म्हणतात आणि तो अनेक दशकं चालू आहे. आधी चिलेटिंग, मग पेरॉक्साइड, सेल्युलोजवरच! आमचा क्रम कागदाच्या गिरणीत रोज चालत होता आणि आम्ही शोध घेताना फक्त जंतुनाशकांच्या कपाटात डोकावलो होतो.

तीन उत्तरं शक्य होती. एक, वाइपवाला माणूस कागदाच्या गिरणीकडे बघणार नाही. हे दुबळं आहे. नॉनवोव्हनवाले आणि लगद्यावाले एकमेकांना चांगले ओळखतात. दोन, क्लेम सोडून देणं. तीन, बारकाईने फरक शोधणं. फरक होता. क्यू टप्प्यात लगदा नंतर धुतात, धातू पाण्याबरोबर बाहेर जातो. इथे धुणं नाही. बांधलेला धातू कापडातच राहतो आणि त्याच्या सोबतीला महिनोन्‌महिने पेरॉक्साइड. जाणकाराला उलट भीती वाटली पाहिजे, कारण ईडीटीएने बांधलेलं लोह पेरॉक्साइडशी क्रिया करत राहतं. आणि रसायनतज्ज्ञांच्या वहीत नेमका तोच प्रयोग होता: ईडीटीए, न धुता. पाकीट फुगलं. फॉस्फोनेट, न धुता: फुगलं नाही.

ईडीटीएचा तो फसलेला प्रयोग पहिल्या अर्जात नव्हता. “अपयश कशाला दाखवायचं?” म्हणून त्यांनी तो वगळला होता. पीसीटी अर्जात तो आमच्या आग्रहाने आला. क्लेम आता आकसला: फक्त फॉस्फोनेट, आणि मधे धुलाई नाही.

इथे आणखी एक फास होता. युरोपात मूळ अर्जात जे थेट आणि निःसंदिग्धपणे नाही ते नंतर घालता येत नाही. ‘धुलाई नाही’ हे शब्द मूळ अर्जात कुठे आहेत? एका उदाहरणाच्या तळाशी, वहीतून जसंच्या तसं उतरलेलं वाक्य सापडलं: ‘यानंतर कापड न धुता वाळवले.’ मसुदा तपासताना मी त्या वाक्याला फालतू म्हणून खूण केली होती. टंकलेखनाच्या गडबडीत ते काढायचं राहून गेलं.

भारतीय कार्यालयाचा मुख्य आक्षेप कलम ३ च्या ‘ई’ पोटकलमाचा होता: घटकांच्या गुणांची नुसती बेरीज असलेलं मिश्रण आणि ते बनवायची पद्धत, दोन्हींना पेटंट नाही. मिश्रणांच्या अर्जांना हा आक्षेप ठरलेलाच. यावर लोक पानंच्या पानं ‘सिनर्जी’ (बेरजेपेक्षा जास्त परिणाम) लिहितात. आम्ही तो चार ओळींचा तक्ता पुढे केला. तेच घटक, तेच प्रमाण, क्रम बदलला की निकाल बदलतो. बेरीज असती तर क्रमाने फरक पडला नसता. सुनावणीत पद्धतीचा क्लेम या मुद्द्यावर तरला. उत्पादनाचा क्लेम तरला नाही. तयार वाइपमध्ये जुन्यापेक्षा वेगळं नेमकं काय आहे हे आम्ही मोजून दाखवू शकलो नाही. धातू कशाला बांधला गेला आहे याचं विश्लेषण आमच्याकडे नव्हतं. युरोपातही उत्पादनाचा क्लेम याच कारणाने मागे घेतला.

युरोपच्या परीक्षणाच्या मार्गदर्शिकेत अशा नुसत्या बेरजेचं जुनं उदाहरण आहे: कीमा करायचं यंत्र आणि तो भरायचं यंत्र शेजारी ठेवलं म्हणून सॉसेजचं नवं यंत्र होत नाही. वाइप आणि द्रावण हे बहुतेक अर्जांत असेच शेजारी-शेजारी उभे असतात. इथे ते एकमेकांना धरून होते, पण ते दाखवायला तक्ता लागला, विशेषणं नाहीत.

अमेरिकेत परीक्षकाने २००७ च्या ‘केएसआर’ निवाड्याच्या वळणाने ज्ञात गोष्टींची ज्ञात जोडणी म्हटलं. अनपेक्षित परिणाम दाखवता आले असते, पण ते क्लेमच्या पूर्ण रुंदीला पुरे पडावे लागतात. आमचे आकडे एकाच फॉस्फोनेटचे. आणखी तीन-चार फॉस्फोनेटवर प्रयोग, त्यावर शपथपत्र, त्यावर वकिलांची फी. भागीदारांनी हिशेब केला आणि अमेरिकेचा अर्ज सोडून दिला. तिथे त्यांची विक्री नव्हतीच.

निकाल

पहिल्या अर्जापासून साडेचार वर्षांनी हाती काय आलं? युरोपात आणि भारतात पद्धतीचं पेटंट: व्हिस्कोस असलेलं कापड, फॉस्फोनेटचं पाणी, न धुता वाळवणं, मग पेरॉक्साइड. ज्या वाक्याने सुरुवात झाली होती त्याच्या तुलनेत हे फार अरुंद आहे. पण याने एक काम केलं. कापड वाळवून देणाऱ्या प्रक्रियादाराने तीच प्रक्रिया दुसऱ्या ग्राहकाला विकायचा विचार केला होता, तो पेटंट पाहून थांबला आणि परवाना घेऊन गेला. पद्धतीच्या पेटंटचं उल्लंघन पकडणं कठीण असतं हे खरं. इथे उल्लंघन करू शकणारा माणूस ओळखीचा होता म्हणून ते सोपं गेलं.

वर्षभरात दुसऱ्या एका उत्पादकाचा लगद्याच्या कापडाचा पेरॉक्साइड वाइप बाजारात आला. पाकीट फुगत नाही. आत काय केलं असेल याचा अंदाज आम्हाला आहे, करता मात्र काही येत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

उत्पादनाच्या क्लेमसाठी बांधलेल्या धातूचं विश्लेषण सुरुवातीलाच करून ठेवलं असतं. कापडातून सुटणारं लोह प्रक्रियेआधी आणि नंतर मोजलं असतं, तर ‘या वाइपमधून इतकंच लोह सुटतं’ असा मोजता येणारा क्लेम लिहिता आला असता. असे मापांचे क्लेम धोक्याचे असतात, मोजायची पद्धत अर्जात नीट दिली नाही तर अंगावर येतात. तरीही प्रयत्न करण्याजोगा होता.

प्रायर आर्टचा शोध रसायनाच्या नावाने न करता क्रियेच्या नावाने केला असता: ‘सेल्युलोज, धातू, पेरॉक्साइड’. कागद उद्योग पहिल्याच पानावर दिसला असता आणि ‘न धुता’ हा शब्द उदाहरणाच्या तळाशी न लपता क्लेमजवळ, कारणासकट आला असता.

अर्ज भरल्याच्या दिवशी विक्री विभागाला एक ओळीचं पत्र गेलं असतं: बारा महिने प्रक्रियेबद्दल एक शब्द नाही.

आणि कापडं. पहिल्या अर्जाच्या वेळी लगद्याच्या कापडाचा एक रोल त्यांच्याच गोदामात पडून होता, दुसऱ्या कामासाठी मागवलेला. त्याचे वाइप करून १४ दिवस ओव्हनमध्ये ठेवायचे आणि मग आयोडोमेट्रीला दोन दिवस. आमच्या सहा आठवड्यांत ते बसलं असतं.